छप्पन व्होल्ट

लिहायचं एक आणि म्हणायचं कीथली.
या गावानं एके काळी लेथ घडवून बोटीनं जगभर धाडले.
घडवणारे आता बसथांब्यावर भेटतात,
त्यांची नखं अजून काळी.
माझ्या गॅरेजात त्या काळातलंच एक धूड,
बंद पडलेल्या तंत्रशाळेतून भंगाराच्या भावात आणलेलं:
हिरवं मिलिंग मशीन, चौऱ्याऐंशी सालचं.
लोखंड खणखणीत. हँडव्हील एका बोटानं फिरवलं
तरी टेबल तूप लावल्यासारखं सरकतं.
डोकं तेवढं गेलंय.

कपाट उघडलं. तळाशी जुना ट्रान्सफॉर्मर,
दोघांनी उचलावा असा,
अंगावर मेणाच्या खडूनं: डी. डब्ल्यू., १४ मार्च.
कोण होता कोणास ठाऊक.
वायरी मात्र त्यानं अशा दोऱ्यानं बांधल्यात
जशी कुणी चोपडी शिवावी,
चाळीस वर्षांत एक टाका उसवलेला नाही.
तो कापताना मी कात्री दोनदा खाली ठेवली.

शेजारचा तसद्दुक. बसगाड्यांची वायरिंग करण्यात उमर गेली.
आम्ही बोलतो ते त्याचं पहाडीही नाही, माझं मराठीही नाही.
म्हणतो, "बाजी, स्विचिंग सप्लाय घे.
हलका, सस्ता, परवा दारात येईल.
अठ्ठेचाळीस बोलला तर अठ्ठेचाळीस. ना कम, ना ज्यादा."

खरंय त्याचं.
पण तो डबा शिस्तीचा इतका कडक
की कुणी उलट बोललं, की दार लावून घेतो.
आणि मोटर उलट बोलतेच.
एवढं जड टेबल धावता धावता थांबवलं
तर त्याचं धावणं जाणार कुठे?
ते मागे फिरतं, वायरीतूनच,
अर्ध्या रात्री न कळवता घरी आलेल्या पोरासारखं.
कुणीतरी जागं हवं. ताट नाही तर नाही,
निदान कडी काढायला.

म्हणून टोरॉइड. तांब्याचा मोठा मेदुवडा,
त्याच्यापुढे कपॅसिटरचा रांजण.
तसद्दुक हसला: "मोटर छोटी, और ये इतना?"
नाकापेक्षा मोती जड, म्हटलं. त्याला समजावताना
मोती गेला, नाकच उरलं.

हिशोब पाकिटाच्या पाठीवर.
तीन मोटरी, चार चार अँपिअर,
पण तिघी एकदम कधी पूर्ण खात नाहीत:
आठ पुरेत.
अठ्ठेचाळीसची गुंडाळी, गुणिले एक पूर्णांक चार,
म्हणजे अडुसष्ट. ड्राइव्हची सीमा ऐंशी.
बसतंय, असं म्हणून मी ऑर्डर लिहायला घेतली.

रात्री अकराला, सगळी गल्ली झोपल्यावर,
सहज मीटर लावला भिंतीतल्या सॉकेटला.
दोनशे सत्तेचाळीस.
सरकार कागदावर म्हणतं दोनशे तीस.
पुन्हा पाकीट. मोटरी थांबलेल्या, ओझं नाही,
वीज अशी भरात:
पंचाहत्तर. वर ते परत येणारं.
म्हणजे मी भांडं काठोकाठ भरलं होतं
आणि वर म्हणत होते, ये, तुझंच घर आहे.

अठ्ठेचाळीस खोडलं. चाळीस लिहिलं.
छप्पन व्होल्ट. टेबल थोडं हळू धावेल.
धावू दे. मला कुठे कारखाना चालवायचाय;
मिसेस ओल्डरॉइडच्या फाटकाची बिजागरी तेवढी करायचीय,
ती तीन वर्षं वाट बघतेय.

पहिल्यांदा वीज दिली ती शनिवारी,
मध्ये जुना साठचा बल्ब जोडून.
बल्ब भक्कन पेटला, मग ओशाळल्यासारखा मंदावला.
म्हणजे कुठे शॉर्ट नाही. तसद्दुकनं श्वास सोडला,
मी पण.
मग बंद केलं, आणि दोघं उभे,
एकेक हात खिशात घालून, जुन्या लोकांचा नियम म्हणून,
मीटरकडे बघत.
पंचावन्न. एकेचाळीस. तीस.
कपॅसिटरला घाई नव्हती.
बाहेर कुणीतरी कचऱ्याचा डबा ओढत नेला.
एकोणीस.
"चाय?" तो म्हणाला.
थांब, म्हटलं, अजून अकरा आहेत.