उसनवारी

पत्रा घसरला तेव्हा सकाळचे दहा.
हिद्दच्या सुक्या गोदीत, जहाजाच्या पोटाखाली,
इद्रिस परकारचा डावा पाय चार तास दाबलेला.
क्रेन आली. पत्रा उठला. पाय पांढरा, गार,
पण तुटलेला नाही.
सगळे म्हणाले, वाचला.

मी लॅबमध्ये नळ्यांवर नावं चिकटवत होते.
मला ठाऊक होतं, नासाडी आता सुरू होईल,
चार तास उपाशी मांसात
रक्त परत येईल तेव्हा.

प्राणवायूच तो, ज्याच्या नावातच प्राण.
दार उघडताच लोंढ्यानं आत शिरतो,
आणि त्यातल्या काहींच्या पदरी
एक इलेक्ट्रॉन पडतो बिनजोडीचा.
मग ते बावचळतात. दिसेल त्याचं ओढून घेतात.
पेशीच्या कडेचं तेल खवट होत जातं
डब्यात विसरलेल्या शेंगदाण्याच्या कुटासारखं.
ज्याचं लुबाडलं तो शेजाऱ्याला लुबाडतो,
शेजारी पुढच्याला.

त्या तेलातच एक जण बसून असतो.
ई म्हणतात त्याला, नावाचंही एकच अक्षर.
आपल्याजवळचं देऊन टाकतो,
लुटारू तिथेच निवतो.
पण देणाराही आता अर्धामुर्धा.
त्याचं भागवतं पाण्याच्या काठावरून क,
क-चं भागवतं ग्लुटाथायोन,
आणि ग्लुटाथायोनचं?
साखर. म्हणजे कुणाच्या तरी
कालच्या रात्रीचा भात.

परीक्षेत हे मी बाणांनी काढलं होतं, पैकीच्या पैकी.
कळलं मात्र वॉर्डाबाहेरच्या बाकावर.
शाजी बसला होता, हेल्मेट मांडीवर,
म्हणाला, याचे चाळीस दिनार माझ्याकडे आहेत, सिस्टर.
(मी सिस्टर नाही. सांगितलं नाही.)
इद्रिसनं ते मोफिजकडून घेऊन दिले होते,
मोफिजनं मेसचे तीन महिने थकवून,
आणि मेसवाला, तो काही बोलला नव्हता.
रोज आमटी वाढत होता.

रात्री नमुना आला. लघवी कोऱ्या चहासारखी.
आकडे यंत्राच्या पट्टीबाहेर,
पातळ करून पुन्हा लावले, पुन्हा बाहेर.
मी डॉक्टर हनानना विचारलं,
वरून काही देता येणार नाही का, बाटलीतून,
त्या लुटारूंना शांत करणारं?
त्या म्हणाल्या, नळीत सगळं शांत होतं.
माणसात कितीदा करून पाहिलंय.
आणि सलाईन वाढवलं.
आडातलं पोहऱ्यात येतं. पोहऱ्यातलं आडात ओतून
आड भरत नाही, हे मला आईच्या भाषेत सुचलं,
त्यांना सांगता आलं नाही.

सहाव्या दिवशी आकडे उतरले.
दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं.
नवव्या दिवशी तो बोलला, दाभोळची बोली,
माझं आडनाव ऐकून.
मी विचारलं, तिथे खाली काय करत होतास?
जस्त लावत होतो, म्हणाला.
जहाजाच्या बुडाला जस्ताच्या विटा लावतात.
खारं पाणी त्यांनाच आधी खातं,
तोवर लोखंडाला हात लावत नाही.
दोन-तीन वर्षांनी जहाज परत येतं, तेव्हा विटेच्या जागी
स्पंजासारखा भुगा.
खरवडायचा. नवी लावायची.
हे सांगताना त्याचा हात हवेत पाना फिरवत होता.

डॉक्टरांना विचारून मी घरून आमसुलाचं पाणी आणलं,
मीठ न घालता. त्यानं अर्धा कप घेतला,
तोंड वाकडं केलं, मग उरलेलाही.
काचेबाहेर मुहर्रकची दुपार, पांढरीशुभ्र,
आणि विमानं एकामागून एक उतरत होती.
घरी जायचं का, मी विचारलं.
अकरा वर्षं झाली, म्हणाला, एकदम गेलं की...
पुढचं त्यानं पाण्यासोबत गिळलं.

मग म्हणाला, शाजीला निरोप द्या.
चार बोल्ट राहिलेत माझे, डाव्या बाजूचे.
जहाज सोमवारीच गेलं होतं.
मी म्हटलं, देते.