कोटांची खिडकी

मी एकही शेवट पाहिलेला नाही.
दहा मिनिटं उरली की मागच्या दारातून निघून
मला खिडकीशी यावं लागतं.
लिएपायातलं हे जुनं सभागृह,
एकशे चाळीस खुंट्या, एकशे चाळीस कोट,
आणि बाल्टिकचा वारा दारापाशी
बिनतिकिटाचा उभा.

त्यामुळे खुनी कोण, ते मला
माणसांच्या हातांवरून कळतं.
सिनेमा जमला असला की
लोक टोकन द्यायचं विसरतात,
बाही उलटी घालतात,
दुसऱ्याचाच मफलर गळ्यात घेऊन हसतात.
कुणीतरी ओरडतं, "अगं, तो पेला! पहिल्याच प्रसंगात!"
आणि बायको कपाळावर हात मारून घेते.
फसलो म्हणून इतकी खूश झालेली माणसं
मी लग्नातसुद्धा पाहिली नाहीत.

काल मात्र टोकनं फळीवर आपटत होती.
दंतवैद्याकडच्या स्काइद्रीतेनं
गळ्यापर्यंत बटणं लावली, एकही न चुकता.
"म्हणजे सगळं त्याच्या डोक्यातच?"
"सगळं."
"ती बाईसुद्धा?"
"बाई, बोट, बोटीवरचं रक्त."
"आणि कुत्रा?"
कुत्र्याचं कुणालाच सांगता येईना.

डोंगर पोखरून उंदीर, कुणीसं म्हणालं.
मला वाटलं, उंदीर तरी
डोंगरातच राहत असतो.

सगळ्यांत शेवटी इल्मार्स.
चाळीस वर्षं कुलुपं दुरुस्त केलेला माणूस.
दर गुरुवारी सातवी रांग, कडेची खुर्ची,
खिशात पेन्सिल.
अंधारात लिहिलेली अक्षरं एकमेकांवर चढलेली:
डावा हातमोजा.
भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे.
ती चहात साखर घेत नाही, दुसऱ्यांदा घेते.
कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाला,
"वेल्टा, हे आता मी कुणाला परत करू?"

कोट समोरच लटकत होता,
तरी मी शोधत राहिले.

"चकवा चालतो मला," तो म्हणाला.
"रानात चकवा लागला
तरी पायाखालचं रान खरं असतं.
कुलूपसुद्धा फसवतंच की.
उलटी फिरणारी किल्ली, खोटं भोक.
पण उघडतं तेव्हा आतले पाचही खटके
एकामागून एक उचलले जातात,
आणि कानाला कळतं,
हे पहिल्यापासून इथेच होते.
आज त्यांनी कुलूप उघडलंच नाही.
दार भिंतीवर रंगवलेलं होतं म्हणाले,
आणि दिवे लावले."

झेंटा त्याच्या शेजारी बसायची.
मध्यंतरातच खुनी सांगून टाकायची,
बरोबर सांगायची,
मग उरलेला सिनेमाभर हा रुसलेला.
मार्चमध्ये ती गेली, एका सकाळी, जिन्यात.
आधी कसलीच खूण नव्हती, असं डॉक्टर म्हणाले.
इल्मार्सला ते पटलेलं नाही.
तो अजून मागे जाऊन जाऊन बघतो:
आदल्या रविवारी ती पायरीवर थांबली होती का,
कठडा कुठल्या हातानं धरला होता,
चहात साखर.

मी त्याला काय सांगणार,
मी एकही शेवट पाहिलेला नाही.
अठ्ठ्याऐंशी नंबरचं टोकन घेतलं,
अठ्ठ्याऐंशी नंबरचा कोट दिला.
त्याच्याच खांद्यांचा,
काखेत त्याचंच उसवलेलं अस्तर,
डाव्या खिशात त्यानंच ठेवलेली
खोकल्याची गोळी.
त्यानं हात घालून ती चाचपली.
आहे, म्हणाला.

दारात वळून विचारलं, "पुढच्या गुरुवारी काय?"
"खून," मी म्हटलं. "जहाजावर."
"बघू," म्हणाला,
आणि वाऱ्याकडे पाठ करून
कागदाची घडी घातली,
फाडला मात्र नाही.