ताटी

आधी होळी जळायची,
मंग कूलर माळ्यावरून उतरायचे.
आता पोट्टे लाकडं गोळा करूनच राहिले असतात
अन् माह्या मोबाइलवर सतरा मिस्ड कॉल.
फेब्रुवारीतच.
धंदा वाढला, मेव्हणा म्हणतो.
हाव, वाढला.

मी शेषराव पराते, गोळीबार चौक.
बापाचा हातमाग होता, तो गेला,
तरी उन्हाळाभर बाप वाळ्याच्या ताट्या बांधायचा
सिव्हिल लाइन्सच्या खिडक्यांना.
वाळा आणाले आम्ही जायचो हिंगण्यापल्याडच्या नाल्यावर.
मुळं उपटली की दोन दिवस बोटांना वास,
शाळेतल्या पाटीलेही.
ओल्या मातीत खेकड्यांची भोकं,
अन् एक पक्षी, ज्याचं नाव आम्ही ठेवलं होतं डुलक्या मास्तर.
खरं नाव कधी कळलं नाही,
अन् आता दाखवून विचारावं
तर तो नाही.

नाला अजून आहे. म्हणजे, पूल आहे.
पुलावर पिवळी पाटी, तिच्यावर नाल्याचं नाव.

कूलर म्हणजे काय, काही नाही:
पाणी उडते, उडता उडता उष्णता घेऊन जाते.
पण जाणाऱ्या पाण्याले हवेत जागा लागते.
एवढंच शास्त्र.
मी नववी नापास, पण हे मले समजते.

परवा कौतिकाबाई निखारेकडे गेलो, रुळाकाठच्या खोलीत.
टीन असं तापलेलं की चिमणी पाय टेकवत नव्हती.
मोटर बदलली. ताट्या बदलल्या.
म्हटलं, टाकीत पाणी टाका, चालू करून दाखवतो.
ती कोपऱ्यातल्या गुंडाकडे पाहत राहिली.
एकच गुंड. टँकर उद्या, नाहीतर परवा.
बाजेवर नातू, पाठ घामोळ्यांनी लाल.
"मी पिऊ, का ह्याले पाजू?" ती म्हणाली.
'ह्याले' म्हणताना तिनं
नातवाकडे पाहिलं का कूलरकडे,
मले अजून ठरवता आलं नाही.

माही बाटली टाकीत ओतली मी.
पंपानं दोनदा गुळगुळ केली, बस.
पैसे घेतले. हेही सांगाले पाहिजे.
शंभर कमी घेतले.

अन् तेच पाणी एका सप्टेंबरात
रात्री दोनले, कडी न वाजवता आलं.
तलाव भिंतीवरून उतरला, गल्लीत शिरला,
माह्या हातचे प्लास्टिकचे कूलर
एकामागं एक तरंगत गेले चौकाकडे.
एकावर मांजर बसली होती, शांत,
जशी तिकीट काढून बसली.
ज्याले उन्हाळाभर गुंड गुंड मागितलं
त्यानं एका रात्रीत साऱ्यांच्या टाक्या भरल्या,
गाद्या भरल्या, पोट्ट्यांची दप्तरं भरली.

आता नवीनच.
मे सरता सरता हवा ओली होऊन बसते
अन् पाऊस काही येत नाही.
लोक फोन करतात: पराते, तुमची ताटी बोगस निघाली.
मी जातो. मोटर ठीक. पंप ठीक. ताटी चिंब.
कूलर जीव तोडून फिरते
अन् ताप चढलेल्या माणसावानी श्वास टाकते.
मी म्हणतो, बिघाड ह्याच्यात नाही.
मंग कुठी आहे?
मी खिडकीबाहेर बोट दाखवतो, उत्तरेकडे.
तिकडे कोराडीच्या चिमण्या.
त्यांच्याच विजेवर हा पंखा.
ह्या चिमण्यांचे पाय पोळत नाहीत.
ह्या उडून जात नाहीत.
गिऱ्हाईक माह्या बोटाकडे पाहते,
मंग विचारते, गॅरंटी होती ना?

घरी, छतावर, एका फुटक्या टाकीत
मी वाळ्याचं ठोंब लावलं आहे,
नर्सरीतून, साठ रुपयांत.
बायको म्हणते, एवढ्यानं काय होते?
काही नाही होत.
सांजच्याले माती थोडी उकरतो,
बोटं हुंगतो,
परत झाकून टाकतो.