डबल क्लच

तवंदी घाटाच्या पायथ्याला, चहाच्या टपरीवर
दस्तगीर म्हणतो, फार्गोला नाक होतं रे,
आत्ताच्या गाड्यास्नी नुसतं थोबाड.

शिंत्रे बेडफर्डवाला.
बशीत फुंकर घालत ऐकून घेतो.
तंबाखूची बोदं भरून घाट चढताना
ती गात होती, म्हणतो.
"गातीय कसली, खोकत होती."

मग दोघं मिळून आठवतात
निपाणीत कुणाच्या परड्यात कुठलं बॉनेट पडलंय:
एकात म्हशीचं आंबोण,
एकाखाली कोंबडी बसलीय अंड्यांवर,
तिसरं भंगारात गेलं, संकेश्वरला,
किलोवर.

उठताना शिंत्रे हळूच सांगतो,
रात्री झोपेत डावा पाय
दोनदा दाबला जातोय.
बायकोला वाटतं, लाथ मारली.

दस्तगीर हसत नाही.
"गिअर पडतो का पण?"