हातचा एक

रोज सकाळी सहा वाजून काही मिनिटांनी
नाझारचा निरोप येतो: +
बस्स, एवढंच. अधिक.
म्हणजे आहे.
कुठे आहे, ते विचारायचं नाही.

सुरुवातीला फोटो टाकायचा.
चिखलाने जड झालेले बूट, डब्यातलं गार कालवण,
एकदा नुसत्या मिशा.
मग तुकडीतल्या कुणीतरी
खांद्यावर मांजराचं पिल्लू घेऊन फोटो टाकला.
पिल्लाच्या कानामागे पाण्याची टाकी दिसत होती.
दुसऱ्या रात्री टाकी नव्हती.
पिल्लाचं मी विचारलं नाही.
तेव्हापासून फोटो बंद, गावाचं नाव बंद,
‘इथे पाऊस पडतोय’सुद्धा बंद.
पाऊस कुठे पडतोय, ते नकाशावर शोधता येतं.

मी कोलोमियात तिसरीला गणित शिकवते.
भोंगा झाला की वर्ग तळघरात उतरतो,
फळा वरच राहतो,
आम्ही भिंतीवर बेरजा मांडतो.

मार्चात एका सकाळी दोन आले: + +
खाली एक नंबर.
‘दुसरा झेनोवीच्या आईला पाठव. त्याचा फोन गेला.’
मेलानिया. सुमीकडच्या कुठल्याशा खेड्यात राहते.
प्रोफाइलवर तिचा चेहरा नाही, बदकं आहेत.
मी पाठवला. तिने तत्क्षणी पाहिला.
पुढे काकडीचं लोणचं, गुडघे,
सरपण ओलं निघालं, असलं काहीबाही.
आवाज अजून ऐकला नाही एकमेकींचा.

एकोणचाळीस दिवस दोन-दोन आले.

आज एक आला.
सहा अकराला, नाझारच्याच फोनवरून.
पण फोन कुणाच्या हातात, ते कसं कळावं?
अधिकच्या चिन्हाला हस्ताक्षर नसतं.
‘कोण?’ मी लिहिलं.
एकच टिक उमटली. दुसरी उमटेना.

बदकांशेजारी हिरवा ठिपका.
टाइप करतेय. थांबली.
पुन्हा टाइप करतेय.

पावणेआठला भोंगा.
तेवीस मुलं मोजून खाली नेली,
फोन खिशात. तळघरात रेंज नसते.
खडू घेतला,
भिंतीवर उंच, कोपऱ्यात,
हातचा लिहितात तसा बारीक एक लिहिला
आणि त्याखाली काही मांडताच येईना.

“बाई,” सोलोमिया विचारते,
“हा कुठल्या बेरजेतला?”