टाकीचे घाव

वेरूळला पोचलो तेव्हा दहाची उन्हं
सोळा नंबरच्या कड्यावरून खाली उतरत होती.
तिकिटाची रांग, सहलीची पोरं,
माना मागे टाकून उभं एक परदेशी जोडपं.
मी आत्याला सांगायला लागलो:
कळस आधी, पाया नंतर,
राष्ट्रकूट, लाखो टन दगड,
पाठ करून आणलेलं सगळं.

दुर्गव्वा आत्या ऐकतच नव्हती.
चाळीस वर्षं फुलंब्री-कन्नडच्या गल्ल्यांतून
"जात्याला टाकी लावायची का" ओरडत फिरलेली बाई
देव सोडून
मागच्या ओवरीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात शिरली,
जिथं कुणी फोटो काढत नाही.
भिंत तिथं घासायची राहून गेलेली.
तिनं बोटं ठेवली.
सरकवली. थांबली.
"ह्यो डावखुरा व्हता."

मी नुसता बघत राहिलो.

"आन् हितं बग, टाकी बोथटली.
मारतोय, पर दगूड ऐकंना.
हितून म्होरं नवी धार.
भात्यापाशी जाऊन आला असंल,
पानी पिऊन."

"ओ मावशी, हात लावू नका!"
रखवालदाराची शिट्टी
दगडात कितीतरी वेळ फिरत राहिली.
आत्यानं हात काढला, पदराला पुसला.
बोटांना धूळ नव्हतीच.

परतताना एसटीत गप्प होती.
खुलताबादच्या वळणावर एवढंच म्हणाली,
"भाकरी कोन घालत व्हतं रं त्यायला, येवढी वर्सं?"
मला फक्त राजांची नावं येत होती.

खिडकीकडं तोंड करून बसली मग.
मांडीवर तिची डावी मूठ
हातोडा धरून बघत होती.