क्लच सुटत नाही

निंभोऱ्याच्या फाटकावर
क्लच मुठीत पुरता आवळून उभा होतो,
आणि बुलेट माझ्याखाली
पुढं सरकत होती,
दावं ओढत निघालेल्या गायीसारखी.
पुढचं चाक दांड्याला टेकलं.
गेटमन म्हणाला, डॉक्टर, तुमच्यापेक्षा गाडीलाच घाई.

न्यूट्रल सकाळी सापडतं, चिनावलपर्यंत.
इंजिन तापलं की हरवतं.
टाचेखालचा खटका दाबून दाबून
चपलेचा अंगठा तुटला.

फैजपूरला रुबाब तडवीचं गॅरेज:
चार पत्रे, एक निंब,
बसायला केळीच्या खोक्यांवर टाकलेली फळी.
त्यानं काहीच उघडलं नाही आधी.
लिव्हर करंगळीनं हलवली.
ढील एका नाण्याइतकी हवी, इथं बोटभर.
केबल ताणली.
गाडी तरी सरकलीच.
"हाओ. मंग दुखणं आत आहे."

कधीपासून?
थंडपणी धरते का गरमपणी?
तेल कोणी टाकलं?
मीही गोठ्यात असंच विचारतो,
रवंथ करते का, शेण कसं आहे,
आणि मालक नेमकं तेच लपवतो
जे मी लपवत होतो:
ट्रॅक्टरचं उरलेलं तेल, शेजाऱ्यानं फुकट दिलेलं.

झाकण निघालं.
आतून काकवीसारखं ओघळलं ते.
रुबाबनं दोन बोटांत चोळलं, हुंगलं,
पायजम्याला पुसलं.
बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पोलादी चकत्या एकेक करून
दाढीच्या आरशावर ठेवल्या,
कडेला बोट दाबलं.
तीन गप्प बसल्या.
दोन बोलल्या: टक, टक.
"पालच्या घाटात अर्धा क्लच धरून चढता ना?"
चढतो.
मागं नायट्रोजनचं भांडं असतं,
धक्का नको म्हणून.
"भांड्याला जपलं, भो. ह्या वाकल्या."

आणि ड्रमच्या फटींत खाचा,
जुन्या गव्हाणीला साखळीनं पडतात तशा.
चकतीचा दात त्यात जाऊन बसतो,
मूठ म्हणते सुट, तो सुटत नाही.
रुबाबनं कानस घेतली.
कमी घासलं तर अडकंल,
जास्त घासलं तर नाचंल.
दुपारभर लोखंडाचा भुगा
पेपरातल्या केळीच्या भावांवर पडत राहिला.

बारा-चौदाचा पाना सापडेना
म्हणून त्यानं माझी डिकी उघडली.
पान्याखाली कागद होता,
घडीवर तेलाचा डाग,
दोन महिने जुना.
त्यानं तो वाचला.
वाचायला नको होता, पण वाचला.
तसाच घडी घालून
पान्याच्या जागी ठेवून दिला.

नव्या चकत्या, पातळ तेल.
लिव्हर ट्यूबच्या पट्टीनं मुठीला बांधली,
किक हातानं फिरवली
आणि खाली बसून पाहत राहिला.
वरची प्लेट लंगडत फिरत होती.
तीन स्प्रिंगा, तीन स्क्रू.
ह्याला पाव फेरा, त्याला जरासा उलटा,
पुन्हा किक, पुन्हा पाहणं.
निंबाची सावली फळीवरून उतरून
रस्त्यावर गेली तेव्हा कुठं
ती सरळ उचलली गेली,
ताटावरून ताट उचलावं तशी.

पैसे घेतले. सुटे दिले.
मग गाडीकडं बघतच म्हणाला,
"अक्कलकुव्याकडं घाट लई.
अर्धा क्लच धरू नका तिकडं."

परतताना पुन्हा फाटक लागलेलं.
पहिला गिअर, क्लच आवळलेला,
गाडी जागच्या जागी.
तसूभरही नाही.
मालगाडी गेली. डबे मोजायचे राहिले.
दांडा वर गेला,
मागचा ट्रक हॉर्न देऊ लागला,
गेटमन हात हलवत काहीतरी ओरडला,
आणि मी मूठ तशीच धरून
तिथंच उभा.